कादंबरी वाचताना आपलं मत कसं पकडायचं : नव्या वाचकांसाठी

मराठी कादंबऱ्या वाचायला नुकतीच सुरुवात केली आहे, किंवा कॉलेजनंतर सुटलेलं वाचन पुन्हा धरायचं आहे, आणि वाचलेल्यावर चार ओळी लिहाव्यात असंही वाटतंय, अशा वाचकासाठी हे लिहिते आहे. खरी अडचण येते ती पुस्तक मिटल्यावर. लिहायला बसलं की "छान आहे", "मनाला भिडली", "जरूर वाचा" यापलीकडे काही सुचत नाही. कितीतरी दिवस एखाद्या माणसाच्या आयुष्यात राहून यायचं आणि एवढंच हाती उरावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाचताना आपल्याला खूप काही झालेलं असतं. कुठे राग येतो, कुठे कंटाळा, कुठे एखादा परिच्छेद दोनदा वाचला जातो. हे सगळं त्या त्या पानावर घडतं आणि पुढची पानं त्याला झाकून टाकतात. म्हणून मत तिथल्या तिथे, पानावरच पकडायला शिकायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पायरी पहिली : एकमेकींशी न जुळणाऱ्या कादंबऱ्या निवडा

एक पुस्तक आवडलं की त्याच लेखकाचं दुसरं, मग तिसरं, असा क्रम बहुतेकांचा असतो. त्यात वाचन होतं, पण आपली आवड कळत नाही, कारण तुलनेला काही नसतं. लागोपाठ तीन ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या तर आपल्याला इतिहास आवडला, भाषा आवडली की नुसता वेग आवडला, हे सांगता येणार नाही. सुरुवातीच्या पाच कादंबऱ्या काळ, प्रदेश आणि सांगण्याची तऱ्हा या तिन्ही बाबतींत वेगळ्या असू द्या. नव्या वाचकाला मी ही पाच पुस्तकं देते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) सगळ्यात आधी. छोटी आहे, वाक्यं साधी आहेत. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर म्हणून येतो, एवढ्यावर सगळं उभं आहे. गावकरी मिळून तालीम बांधायला घेतात त्या भागात मी मास्तरइतकीच हरखून गेले होते. पुढे दुष्काळ पडतो, वस्ती उठायला लागते, आणि सांगणाऱ्याचा आवाज तसूभरही चढत नाही. दुष्काळापेक्षा त्या न चढलेल्या आवाजाने मी हादरले. ही माझी नोंद. तुमची वेगळी असेल, पण पहिल्या पुस्तकात अशी एक तरी नोंद सापडते, म्हणून सुरुवात इथून.

दुसरी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९). युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू निर्वासित, त्यांच्यातली हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. हीही लहान आहे, पण 'बनगरवाडी'नंतर लगेच घेतली की हवा एकदम बदलते.

तिसरी हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. ही 'करमणूक' या त्यांच्या साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः आली. भाषा जुनी आहे, विस्तार मोठा आहे. चौथी आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) आणि पाचवी मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४). 'शाळा' सगळ्यांत सोपी असूनही मी ती शेवटी ठेवते. चार निरनिराळे आवाज कानावरून गेल्यावर तिचा साधेपणा किती घडवलेला आहे हे कळतं.

पायरी दुसरी : पुस्तक मिळवा

पाचही विकत घ्यायची गरज नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात तालुक्याच्याच नव्हे, कितीतरी लहान गावांतही अनुदानित वाचनालयं आहेत. अनामत आणि थोडी वर्गणी भरली की काम होतं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आणि पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासून चालू आहे. अशा ठिकाणी जुन्या आवृत्त्या हाताळायला मिळतात, तोही वेगळा आनंद. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे आणि ते कुणालाही मोकळेपणाने छापता किंवा आंतरजालावर ठेवता येतं. परदेशात असाल तर ई-पुस्तक घ्या. ऐकायची पुस्तकंही चालतील, पण त्यात पान नसतं, तेव्हा प्रकरण आणि मिनिट लिहून ठेवा.

पायरी तिसरी : वाचायला घेण्याआधी

प्रस्तावना आणि मलपृष्ठ आधी वाचू नका, शेवटी वाचा. चांगली प्रस्तावना आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसते की पुढे आपण तीच पडताळत राहतो.

मात्र आतलं माहितीचं पान नक्की बघा आणि पहिल्या आवृत्तीचं साल वहीत टिपा. हातातली प्रत कितव्या तरी आवृत्तीची असते, तिच्यावरचं साल फसवं असतं. 'रणांगण'च्या बाबतीत हे साल म्हणजे अर्धं वाचन आहे. १९३९ साली महायुद्ध कसं संपेल आणि युरोपातल्या ज्यूंचं काय होईल हे लेखकाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे बोटीवरच्या निर्वासितांचं साधं बोलणं, पुढच्या बंदराबद्दलची त्यांची आशा वाचताना मला अंगावर काटा आला, आणि तो काटा लेखकाने आणलेला नव्हता, इतिहासाने आणलेला होता. हा फरक ओळखता येणं फार महत्त्वाचं आहे. पुस्तकाने आपल्यावर केलेला परिणाम आणि आपण सोबत नेलेल्या माहितीचा परिणाम, दोन्ही खरेच असतात, पण लिहिताना ते वेगळे सांगता आले पाहिजेत.

पायरी चौथी : वही आणि पान

साधी वही पुरते. पानाचा आकडा लिहायचा आणि पुढे एकच वाक्य. त्या वाक्यात पुस्तकाची स्तुती किंवा निंदा नको, आपल्याला काय झालं ते हवं. "पान ४२ : इथे मास्तरची कीव आली", "पान ६७ : कंटाळा, तीन पानं नुसतं वर्णन", "पान ९० : हे माझ्या आजीच्या तोंडचं वाक्य आहे". पुस्तकाच्या प्रत्येक बैठकीला दोन-तीन नोंदी झाल्या की भरपूर. सारखं थांबून लिहीत राहिलात तर कादंबरी निसटेल.

कंटाळा आणि चीड यांच्या नोंदी अजिबात गाळू नका. हे मला सगळ्यात ठामपणे शिकवलं भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'ने (१९६३). पाच पुस्तकं झाल्यावर सहावी म्हणून ती घ्या. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो. त्याचं बोलणं, पदोपदी येणारं 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ', प्रत्येक गोष्टीची उडवलेली टर यांनी नवा वाचक पन्नासेक पानांत वैतागतो. मीही वैतागले. वहीत लिहिलं की या मुलाचा राग येतोय, बापाच्या पैशांवर दिवस ढकलतोय आणि वर जगाला नावं ठेवतोय. नंतर त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग येतो. इतका वेळ कशालाच हात लागू न देणारा तोच आवाज तिथे फुटतो. त्या पानांवर मी रडले, पण रडण्याचं कारण मला माझ्या आधीच्या चिडक्या नोंदींनी दाखवलं. आधी त्या आवाजाने मला इतकं दूर ठेवलं नसतं तर तो फुटलेला मला ऐकूच आला नसता. चिडीच्या नोंदी केल्या नसत्या तर शेवटी मी "मनीचा मृत्यू हृदयद्रावक आहे" एवढंच लिहिलं असतं, आणि ते तर कुणीही लिहितं.

पायरी पाचवी : बोलीला घाबरू नका

'गोतावळा' उघडल्यावर पुण्या-मुंबईत वाढलेला वाचक अडखळतो. नारबा नावाचा शेतगडी स्वतःच्या कोल्हापूरकडच्या बोलीत आपली गोष्ट सांगतो. शेतावर ट्रॅक्टर येतो आणि ज्या जनावरांत त्याचं आयुष्य गेलं ती एकेक करून जातात. कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच बोलीत आहे.

उपाय सोपा आहे. पहिली दहा पानं मोठ्याने वाचा. डोळ्यांना अनोळखी वाटणारे अर्धे शब्द कानाला ओळखीचे निघतात. उरलेल्यांसाठी थांबू नका, वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा आणि त्या भागातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारा. शेतीच्या अवजारांची आणि जनावरांच्या रंगांची नावं विचारायला गेलात तर समोरचा माणूस शब्दाबरोबर आपली गोष्टही सांगतो.

बोलीच्या बाबतीत एक तुलना आवर्जून करून बघा. 'गोतावळा', 'बनगरवाडी' आणि उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) या तीन पुस्तकांची दोन-दोन पानं शेजारी ठेवा. 'गोतावळा'त सांगणारा आणि जगणारा एकच आहे, बाहेरचं कुणी नाहीच. 'बनगरवाडी'त सांगणारा मास्तर शिकलेला, त्याचं निवेदन प्रमाण भाषेत आणि माणसांचं बोलणं त्यांच्या बोलीत. तो वस्तीवर राहतो, तिच्यावर जीव लावतो, पण पाहुणाच आहे. 'धग'मध्येही निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत, पण सांगणारा गोष्टीतलं पात्र नाही. कादंबरीची नायिका कौतिक बोलायला लागली की निवेदकाची भाषा मागे सरते आणि ती बाई समोर उभी राहते. दारिद्र्याशी तिची जी झटापट चालते ती मला तिच्या वाक्यांच्या लयीतून कळली, घटनांमधून नंतर. तुम्हाला यातली कुठली तऱ्हा सगळ्यात जवळची वाटते ते लिहा. "ग्रामीण कादंबरी आवडली" यापेक्षा ते कितीतरी जास्त सांगतं.

पायरी सहावी : पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी वेगळी सावधगिरी

बहुतेक मराठी घरांत वाचनाची सुरुवात शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) किंवा रणजित देसाईंच्या 'स्वामी'ने (१९६२) होते. मी त्या पहिल्या पाचांत धरत नाही, कारण त्या वाचकाला उचलून घेऊन जातात आणि वाहून जाताना नोंदी होत नाहीत. थोडी सवय झाल्यावर घ्या.

'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडून बोलतात. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'तही (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. अशा वेळी प्रत्येक भाग संपला की एका ओळीत लिहा : आत्ता मी कुणाच्या बाजूने आहे? बोलणारा बदलला की आपली बाजू बदलते का, हे बघण्यासारखं असतं. मला कर्णाच्या भागांतली भरजरी भाषा काही वेळाने दमवते. त्याची बायको वृषाली बोलायला लागली की श्वास घेता येतो, आणि कर्णाच्या मोठेपणाची घरात काय किंमत मोजावी लागत असेल हा विचार तिथे पहिल्यांदा मनात येतो. 'ययाति' वाचताना देवयानीचा भाग दोनदा वाचा. ययातीच्या तोंडून ऐकलेली देवयानी आणि स्वतः बोलणारी देवयानी यांच्यात जे अंतर आहे त्यावर अख्खं टिपण होईल.

'स्वामी' वाचून माधवराव पेशवे आणि रमाबाईंबद्दल जे वाटतं ते देसाईंच्या माधवराव-रमाबाईंबद्दल वाटलेलं असतं. तसंच लिहा. कादंबरीच्या आधाराने इतिहासावर वाद घालू नका, आणि इतिहासाची चूक दाखवून कादंबरी निकालातही काढू नका.

पायरी सातवी : अर्धवट सोडायची परवानगी

साठेक पानं नेटाने वाचूनही पुस्तक धरत नसेल तर सोडा, पण का सोडलं ते एका वाक्यात लिहून. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) सरळ रेषेत चालत नाही, मागे-पुढे उड्या मारते. तिच्यापाशी "कोण कधीचं बोलतंय कळत नाही" असं लिहून पुस्तक मिटलं तरी हरकत नाही. काही वर्षांनी तीच ओळ पुन्हा सुरुवात करायला उपयोगी पडते, कारण कुठे अडलं होतं ते माहीत असतं.

मोठ्या पुस्तकांचं ओझं वाटत असेल तर हप्ते पाडा. 'पण लक्षात कोण घेतो' मी आठवड्याला काही प्रकरणं अशी वाचायला सांगते, पहिल्या वाचकांना ती मिळाली तशीच. यमू स्वतःच्या तोंडून सगळं सांगते : माहेर, सासर, शिकवू पाहणारा नवरा, पुढे वैधव्य आणि केशवपन. ती फारशी आक्रस्ताळी होत नाही, त्यामुळे राग वाचकाला स्वतःच धरावा लागतो. हप्त्यांनी वाचलं की मधल्या दिवसांत तो राग मुरतो. ही गोष्ट छापली जात होती त्याच काळात, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. लग्न झालेल्या मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करायचं की नाही यावर पुण्यात रान उठलं होतं. हे डोक्यात ठेवून यमूची आणि तिची मैत्रीण दुर्गीची बोलणी वाचा.

पायरी आठवी : आता लिहा

पुस्तक संपल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्या, मग फक्त वहीतल्या नोंदी वाचा. ज्या नोंदीपाशी अजूनही काहीतरी हलतं ती निवडा आणि तिच्यापासून लेखन सुरू करा. लेखकाचा परिचय, पुरस्कार, पानांची संख्या यांनी सुरुवात केली की मत शेवटच्या ओळीत कोंबावं लागतं. कथानक तीन-चार वाक्यांत सांगून टाका, शेवट सांगू नका. तीनशे शब्द भरपूर झाले.

"अप्रतिम", "खिळवून ठेवणारी", "विचार करायला लावणारी" हे शब्द आले की तिथे थांबा. कुठल्या पानाने खिळवलं, कुठला विचार करायला लावला, ते लिहा आणि मूळ शब्द खोडून टाका. "मला" हा शब्द वापरायला संकोच करू नका. न आवडलेलं लिहितानाही पान दाखवा. पान दाखवून केलेली टीका लेखकालाही वाचवते आणि तुम्हालाही.

नमुना म्हणून 'शाळा'वरचं माझं टिपण देते :

"आणीबाणीच्या काळातली नववी, आणि मुकुंद जोशी शिरोडकरच्या प्रेमात आहे. मला या पुस्तकात धरून ठेवलं ते तिच्या आडनावाने. तो तिच्यासाठी रस्ते बदलतो, क्लास लावतो, रात्र रात्र तिचा विचार करतो, पण त्याच्या मनातही ती शिरोडकरच असते. आमच्या वर्गात असंच होतं. मुलगा मुलीला नावाने हाक मारायचा नाही, आणि आडनावातच जेवढी जवळीक मावेल तेवढी मावायची. मोठ्यांच्या जगातली आणीबाणी या मुलांच्या कानावर तुकड्यातुकड्याने येते, तेही मला पटलं. त्या वयात राजकारण असंच ऐकू येतं, शेजारच्या खोलीतून. मधल्या भागातल्या मुलांच्या गप्पा मला थोड्या लांबल्यासारख्या वाटल्या. वर्गातल्या मुली आपसात काय बोलत असतील हे कळावं असंही सारखं वाटत राहिलं."

यात कुठलाही मोठा सिद्धांत नाही. पण वाचणाऱ्याला पुस्तकही कळतं आणि वाचणारी बाईही.

पायरी नववी : दुसऱ्यांचं मत, पण नंतर

तुमचं टिपण पूर्ण झालं की प्रस्तावना, समीक्षा, मित्रांची मतं खुशाल वाचा. आपल्याशी न जुळणारं मत मुद्दाम शोधा. त्याने तुमचं मत बदललं तर जुनं खोडू नका, खाली तारीख घालून नवं लिहा. शक्य असेल तर एकाच वेळी तेच पुस्तक वाचणारा एक जोडीदार मिळवा, आणि वाचून होईपर्यंत एकमेकांच्या वह्या बघू नका. माझ्या मैत्रिणीची 'रणांगण'ची सगळी टिपणं चक्रधरवर चिडलेली होती, माझी सगळी हॅर्टाच्या काळजीची. त्या दोन वह्या शेजारी ठेवून झालेली चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली.

पुढची पुस्तकं

पहिल्या पाच-सहा पुस्तकांच्या नोंदी एकत्र वाचल्या की आपला कल दिसायला लागतो. नोंदी गावापाशी जास्त थांबल्या असतील तर 'धग' पूर्ण वाचा, मग अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) आणि सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२). शहर ओढत असेल तर भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका' आणि अरुण साधूंची 'सिंहासन'. 'सिंहासन' वाचून मगच १९७९ चा चित्रपट बघा. बायकांचे आवाज ऐकावेसे वाटत असतील तर यमूनंतर कविता महाजनांच्या 'ब्र'कडे (२००५) या, आणि मध्ये गौरी देशपांडे यांच्या छोट्या कादंबऱ्या घ्या. सांगण्याच्या तऱ्हेचं कुतूहल असेल तर पु. शि. रेग्यांची 'सावित्री' (१९६२), जी सगळीच पत्रांतून उलगडते. गोव्याचा सोळाव्या शतकातला धर्मांतराचा काळ महाबळेश्वर सैलांच्या 'तांडव'मध्ये आहे. उद्याच्या जगाची धास्ती वाटत असेल तर नंदा खरे यांची 'उद्या' वाचा.

आणि दमदार, लांब पल्ल्याचं काही हवं असेल तर श्री. ना. पेंडश्यांची 'तुंबाडचे खोत' (१९८७). दोन खंड, कोकणातल्या खोत घराण्याच्या चार पिढ्या. तिच्यासाठी वहीचं एक जोडपान मोकळं सोडा आणि वंशावळ स्वतः काढत जा : नवं माणूस आलं की नाव, कुणाचा कोण, आणि ते पहिल्यांदा भेटलं तो पानाचा आकडा.